सहलीचे गाठोडे : परिसर अभ्यासाचा एक पाठ

प्राथमिक शाळांच्या सहली बहुधा हिवाळ्यात निघतात. तथापि वार्षिक परीक्षा आटोपल्यावर, एप्रिलच्या अखेरीस, काही मोकळे दिवस हाताशी येतात, आणि अशा वेळी एखादी शाळा पुण्यासारखे शहर मुलांस दाखवून आणण्याचे ठरविते. तारीख ठरते, एसटीची गाडी ठरते, वर्गणी जमते. मग फळ्यावर सामानाची यादी लिहिली जाते : दोन जोड नवे कपडे, स्वेटर, रेनकोट, बूट, बॅग. मुले ती उतरवून घरी नेतात आणि दुसऱ्या दिवशी दोन-तीन नावे गळतात. कोणी पोट दुखते म्हणतो, कोणाला मामाच्या गावी जायचे असते. खरे कारण शोधू गेल्यास ते पुष्कळदा त्या यादीतच सापडते. घरी रेनकोट नसतो, आणि 'नाही' हे वर्गात उभे राहून सांगण्याचे धैर्य दहा वर्षांच्या मुलापाशी नसते.

म्हणून ही यादी शिक्षकाने तयार करून देऊ नये. ती वर्गात, मुलांच्याच तोंडून निघावी. चौथी-पाचवीच्या वर्गास परिसर अभ्यासाचे दोन तास त्यासाठी पुरतात.

पाठाचा आरंभ हवेपासून करावा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेस आहे. एप्रिल-मे महिन्यांत तेथे दुपारी पारा ३७-३८ अंशांपर्यंत, कधी चाळिशीपर्यंत चढतो; पहाटे तो वीस-बावीस अंशांच्या आसपास उतरलेला असतो. त्यात वळवाची भर पडते. सकाळी आकाश निरभ्र असते. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, समुद्राकडून आलेले बाष्प तिला मिळते, आणि चारच्या सुमारास ढगांचे मनोरे उभे राहतात. सोसाट्याचा वारा, विजा, कधी गारा यांसह तासाभरात पाऊस कोसळून जातो. मोसमी पाऊस पुण्यात सर्वसाधारणपणे १० जूनच्या सुमारास पोचतो. पण २०२५ साली तो २६ मे रोजीच दाखल झाला होता. तेव्हा मेअखेरीस निघणाऱ्यांनी 'पावसाला अजून अवकाश आहे' या भरवशावर राहू नये.

एवढे सांगून झाल्यावर प्रश्नोत्तरे अशी चालवावी :

गुरुजी : संध्याकाळी पावसात अंगावरचे कपडे भिजले, तर काय कराल?

मुलगा : दुसरे घालू, गुरुजी.

गुरुजी : आणि दुसरेही भिजले असतील तर?

येथे वर्ग गप्प होतो. ती शांतता घाईने मोडू नये.

मुलगी : घट्ट पिळून वाऱ्यावर टाकायचे. आमची आई रात्री टाकते, सकाळी घालायला होतात.

गुरुजी : सगळेच होतात का गं?

मुलगी : पातळ होतात. जाड ओलेच राहतात.

ज्या घरी एकच जोड धुऊन, वाळवून पुन्हा अंगावर चढतो, त्या घरच्या मुलास या प्रश्नाचे उत्तर सर्वांत चांगले ठाऊक असते. एरवी मागे बसणारे मूल येथे वर्गाला शिकविते. पाठाचा खरा लाभ हाच आहे, व तो साधावा म्हणून गुरुजींनी उत्तर स्वतः देण्याचा मोह आवरावा.

पुढील तासास प्रयोग घ्यावा. पंचा, जाड टॉवेल व जुनी चादर यांचे सारख्या मापाचे तुकडे भिजवून, पिळून एकाच दोरीवर घालावे. पंचाचा आणखी एक ओला तुकडा काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावावे. कोणता तुकडा किती मिनिटांत वाळला हे मुलांनी वहीत टिपावे. दोरीवर पंचा प्रथम वाळतो. बरणीतला मात्र ओलाच राहतो, कारण बरणीतील थोडी हवा बाष्पाने लवकरच भरून जाते व आणखी बाष्प घेऊ शकत नाही. यावरून पुणे आणि मुंबई यांतील भेद सहज समजतो. मे महिन्यात मुंबईचा पारा पुण्याहून खाली, ३३-३४ अंशांवर असतो. पण हवा दमट असल्याने तेथे घाम लवकर वाळत नाही आणि कपडाही वाळत नाही. मुंबईस जाणाऱ्यास एक सदरा अधिक लागतो, पांघरूण क्वचितच. पुण्यास जाणाऱ्यास कपडे थोडे चालतात, परंतु पाऊस पडून गेल्यावर पहाटेच्या गारव्यासाठी पांघरूण हवे.

आता यादी आपोआप लहान होते. अंगावर शाळेचा गणवेश, पिशवीत घरचा एक जोड. आईचे जुने सुती लुगडे दुहेरी केले की रात्री पांघरूण होते. वाकळ ऊबदार खरी, पण जड असते व भिजल्यास दोन दिवस वाळत नाही. एक पंचा डोक्यावर ऊन अडवितो, अंग पुसतो आणि वेळप्रसंगी गाठोडेही बांधतो. पायांत रोजच्याच वहाणा असाव्यात. सहलीसाठी घेतलेले नवे बूट दुपारपर्यंत टाचा सोलतात. रेनकोटाची जरुरी नाही. वळीव आला की छपराखाली जावे, मोकळ्या मैदानात वा झाडाखाली थांबू नये, एवढे पुरे. विजेची सूचना देणारे 'दामिनी' नावाचे ॲप पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने केले आहे. ते शिक्षकांच्या फोनवर असावे. पिशवीतील कपडे कोरडे राहावे म्हणून ते प्लॅस्टिकच्या स्वच्छ पिशवीत गुंडाळावे. खताची किंवा फवारणीच्या औषधाची पिशवी कितीही धुतली तरी या कामी वापरू नये.

शिदोरीस दशम्या व शेंगदाण्याची कोरडी चटणी उत्तम. रस्सा व भिजविलेले पदार्थ या उन्हात संध्याकाळपर्यंत आंबतात.

गणिताचाही थोडा भाग येथे येतो. शाळेच्या दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या एक-दशांशाहून अधिक नसावे, असे २०२० च्या राष्ट्रीय धोरणात म्हटले आहे. तोच नियम येथे लावावा. तीस किलोच्या मुलाने तीन किलो उचलावे. त्यात भरलेली लिटरची बाटलीच एक किलोहून अधिक भरते. उरलेल्या वजनात काय बसते ते मुलांनी वाण्याच्या तराजूवर प्रत्यक्ष तोलून पाहावे. कित्येक अनावश्यक वस्तू या तोलण्यातच गळतात.

शिक्षकांच्या पिशवीत साखर, मीठ व चहाचा चमचा असावा. एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण जुलाब झालेल्या मुलास पाजण्याच्या पाण्याचे आहे. उन्हाने मूल बडबडू लागले किंवा शुद्ध हरपू लागली, तर मात्र त्यास सावलीत नेऊन अंग ओल्या फडक्याने पुसत राहावे आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. मुलांच्या मापाचे दोन जादा जोडही तेथेच असावे. ते कोणासाठी आणले आहेत याची वाच्यता करू नये.

पाहण्याची ठिकाणेही हवेप्रमाणे लावावी. शनिवारवाडा १७३२ साली बांधून झाला. आतील इमारती १८२८ च्या आगीत जळाल्या व तट, दरवाजे आणि जोती उरली. तेथे सावली थोडी, म्हणून तो सकाळी पाहावा. राजा दिनकर केळकर संग्रहालय छपराखाली आहे, ते दुपारसाठी राखावे. शिवाजीनगरातील सिमला ऑफिस रस्त्यावरून का होईना दाखवावे. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून येथे आले, ते पुढे दिल्लीस गेले, पण लोकांच्या तोंडी नाव राहिले ते राहिलेच.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी गाठोडी शाळेत सोडवावी. कोणती वस्तू कितीजणांनी वापरली व कोणती तशीच परत आली, याचा तक्ता मुलांनी करावा आणि तो पुढील वर्षीच्या वर्गासाठी कपाटात ठेवून द्यावा.