छताच्या कड्या : वेळीच दुरुस्ती

तंजावरच्या जुन्या घरांत ‘मद्रास टेरेस’ पद्धतीची छते आढळतात. सागवानी कड्यांवर चुन्यात तिरप्या रचलेल्या उभ्या विटा आणि त्यांवर वीटचुन्याचा कोबा, अशी ही रचना होय. अशा घरातील एखाद्या खोलीचा आज मोटारखाना झाला असल्यास तेथील कड्या अवश्य तपासाव्यात.

कडी बहुधा भिंतीत गेलेल्या टोकाशी कुजते; तेथे ओल साचते व हवा पोहोचत नाही. टोकाजवळ दाभण टोचून पाहावे. ते सहज रुतल्यास लाकूड निकामी समजावे.

प्रथम छताखाली आडवी तुळई लावून टेकू द्यावेत आणि गळती थांबवावी. कुजका भाग काढून दोन्ही बाजूंना नव्या कड्या बोल्टने आवळाव्यात. त्यांची टोके भिंतीवर टेकली पाहिजेत. वाळवीनाशक लावून टोकांभोवती हवेसाठी फट ठेवावी. वरून सिमेंटचा थर टाळावा. त्याने वजन वाढते व ओल आत कोंडते.

तंजावरास ऑक्टोबरापासून ईशान्य मोसमी पाऊस लागतो. तत्पूर्वी अभियंत्याचे अंदाजपत्रक घेऊन दुरुस्ती-कर्जासाठी शाखेत यावे. मंजुरीस काही दिवस लागतात. टेकू मात्र त्याच दिवशी द्यावेत.