काडी हलवणारा माणूस करतो काय?

प्रश्न : टीव्हीवर परदेशी वाद्यवृंद पाहिला. प्रत्येकापुढे कागद होते, म्हणजे काय वाजवायचं ते लिहिलेलंच. मग पुढे उभा राहून काडी हलवणाऱ्याचं काम काय? तो बदलला तर संगीत बदलतं का?
– एक वाचक, येरमाळा (जि. धाराशिव)

उत्तर : गोम अशी, की कागदावर सगळं लिहिलेलं नसतंच. बेटोव्हेनची पाचवी सिंफनी घ्या. १८०८च्या डिसेंबरात व्हिएन्नात ती पहिल्यांदा वाजली. तीन आखूड स्वर, मग एक लांब. ही सुरुवात तुमच्याही कानावरून गेली असेल. पण कागदावर त्या तिघांच्या आधी एक इवलीशी रिकामी जागा आहे. सगळ्या तंतुवाद्यांनी आणि क्लॅरिनेटनी त्या शांततेतून एकदम उडी घ्यायची. काडीचा झटका नेमका पडला नाही, तर पहिल्याच घासाला खडा!

लांब स्वरावर कमान आणि टिंब असतं : थांबा. किती? ते लिहिलेलं नाही. फुर्टवेंगलर हे काडी हलवणारे, म्हणजे कंडक्टर, तो स्वर ताणून धरत. कार्लोस क्लायबर या दुसऱ्या कंडक्टरच्या १९७४च्या ध्वनिमुद्रणात मात्र पुढे धावायची घाई जाणवते. बेटोव्हेनने पुढे लयही आकड्यात सांगितली, मिनिटाला १०८ ठोके. तो आकडा पाळावा की नाही, यावर जाणकार अजून भांडतात. माझं मत विचाराल तर मी क्लायबरच्या बाजूचा.

तुमच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत आराधी गातात तेव्हा पुढचा ओळ कुठे सोडतो, हे मागच्यांना नजरेने कळतं. सात-आठ जणांत नजर पुरते, सत्तर-ऐंशी जणांत नाही. मागच्या रांगेतल्या नगारेवाल्यापर्यंत पुढच्या व्हायोलिनचा आवाजसुद्धा किंचित उशिरा पोचतो. त्याने कानावर विसंबून चालत नाही, काडीच बघावी लागते.

कंडक्टरविना जमतच नाही, असं मात्र नाही. मॉस्कोत १९२२ ते १९३२ तसा वाद्यवृंद होता. एकट्याने घ्यायचे निर्णय तिथे चर्चा करकरून घेत, त्यामुळे तालमी फार लागत. कंडक्टरचं खरं कामही तालमीतच होत असतं. मैफलीत आपण पाहतो ते नुसतं आठवण करून देणं.

मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये २००६पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. कधी गेलात तर समोरची नको, कडेची खुर्ची मागा. समोरून कंडक्टरची पाठ दिसते. कडेने डावा हात दिसतो.