पडद्यावरचा अर्ज आणि पडद्यामागची वाट



वाशिंद, आसनगाव, खडवली परिसरातील आपली मुले-मुली कसारा लोकलने कल्याण-ठाण्याला संगणकाचे शिक्षण घेण्यास जातात, ही समाधानाची बाब आहे. बहुतेकांचा ओढा वेबसाईट बनविण्याकडे असतो. परंतु वेबसाईट बनविता येणे ही एक विद्या, आणि त्या वेबसाईटमागे चालणारे काम नीट मांडता येणे ही दुसरी. या दोन विद्यांच्या साधनांची तुलना आम्ही येथे सर्वांच्या परिचयाच्या एका उदाहरणावरून करीत आहोत. ते उदाहरण म्हणजे जातीचा दाखला.

वेबसाईटची साधने

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत वेबची उभारणी केली. १९९१ साली ती बाहेरच्या जगाला खुली झाली. पानावर काय असावे हे एचटीएमएल सांगते. ते कसे दिसावे हे १९९६ साली प्रमाण ठरलेले सीएसएस सांगते. १९९५ साली आलेली जावास्क्रिप्ट पानाला हालचाल देते. रकाना रिकामा राहिला तर ती तेथल्या तेथे टोकते. भरलेली माहिती सर्व्हरवर घेऊन साठविण्याचे काम पीएचपी, पायथॉन, जावा यांसारख्या भाषा करतात.

दाखल्याचा अर्ज पडद्यावर दिसतो, शाळा सोडल्याचा दाखला जोडता येतो, अर्ज क्रमांक मिळतो, हे सारे या साधनांचे काम. पण अर्ज पाठविल्यानंतर पडद्यावर 'प्रलंबित' एवढाच शब्द दिसला, तर अर्ज कोणाच्या टेबलावर आहे आणि पुढे कोठे जाणार आहे, हे त्यावरून समजत नाही. तो मार्ग प्रोग्रॅमच्या ओळींत विखुरलेला असतो. तो प्रोग्रॅमरलाच वाचता येतो; कारकुनाला नाही, अर्जदारालाही नाही.

कामाचा मार्ग मांडणाऱ्या भाषा

ही उणीव भरून काढण्यासाठी कार्यपद्धतीच्या आराखडा-भाषा निघाल्या. त्यांत आज सर्वांत प्रचलित आहे ती बीपीएमएन. तिची पहिली आवृत्ती २००४ साली आली, दुसरी मोठी आवृत्ती २०११ साली, आणि २०१३ साली तिला आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थेची मान्यता मिळाली. ही भाषा चित्रांची आहे. तिची मुख्य चिन्हे अशी :

१. वर्तुळ : घटना. बारीक रेघेचे वर्तुळ म्हणजे आरंभ, जाड रेघेचे म्हणजे शेवट.
२. गोल कोपऱ्यांची चौकट : करावयाचे एक काम.
३. चौकोनी हिरा : वाट फुटण्याची जागा. येथे 'होय' की 'नाही' ते ठरते.
४. बाण : कामाचा क्रम.
५. पट्टे : कोणते काम कोणाचे. प्रत्येक व्यक्तीला वा कार्यालयाला स्वतंत्र पट्टा.

तिच्याआधीपासून बीपीईएल नावाची भाषा होती. तिची दुसरी आवृत्ती २००७ साली प्रमाण ठरली. ती चित्रांत नसून मजकुरात लिहिली जाई व संगणकाने संगणकाशी करावयाच्या व्यवहारासाठी चांगली होती. माणसाने करावयाच्या कामासाठी मात्र तिला वेगळी पुरवणी जोडावी लागे. कार्यालयांत तर बहुतेक काम माणसेच करतात.

तुलना

दोहोंत साम्यही आहे. बीपीएमएनचे चित्र संगणकात साठविले की तेही एचटीएमएलप्रमाणे कोनी कंसांतील खुणांनीच लिहिले जाते, आणि योग्य यंत्रणा असल्यास ते थेट चालविता येते. फरक असा की, वेबची साधने 'काय दिसेल' आणि 'यंत्र काय करील' ते सांगतात. आराखडा-भाषा 'कोण, केव्हा, कशानंतर' ते सांगते. बीपीएमएनने पडदा रंगविता येत नाही. एचटीएमएलने जबाबदारी नेमता येत नाही. म्हणून चांगल्या कामाला दोन्ही लागतात. आधी वाट आखावी, मग दार बांधावे.

दाखल्याची वाट

१९९० च्या दुरुस्तीने १९५० च्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला. राज्यात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा विचारला जातो. आता कागदावर चार पट्टे आखा : अर्जदार, सेवा केंद्र, तहसील कार्यालय, उपविभागीय अधिकारी. पहिल्या पट्ट्यात बारीक वर्तुळ काढा. पुढे 'कागदपत्रे गोळा करणे' ही चौकट. सेवा केंद्राच्या पट्ट्यात 'अर्ज भरणे'. तहसीलच्या पट्ट्यात छाननी, आणि लगेच हिरा : पुरावा पुरेसा आहे का? 'होय' असेल तर बाण अधिकाऱ्याकडे जातो. 'नाही' असेल तर त्रुटी सांगून अर्जदाराकडे परततो.

आता चौकटीच्या कडेवर घड्याळाचे चिन्ह काढा. बीपीएमएनमध्ये त्याचा अर्थ 'मुदत संपली तर' असा होतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिलेली आहे. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला गेला तर ३० दिवसांत पहिले अपील, मग दुसरे, आणि त्यानंतर आयोग, अशी वाट कायद्याने दिली आहे. घड्याळापासून निघणारा तो बाण चित्रात काढला की कायदा डोळ्यांना दिसतो. तो बाण ज्या आराखड्यात नाही, तो आराखडा अपुरा समजावा.

आमचे सांगणे

दाखला वेळेवर न मिळाल्याने प्रवेश वा शिष्यवृत्ती अडणे ही गरीब घरासाठी लहान गोष्ट नाही. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ सालापासूनची. तिचा अर्ज आज महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो. अर्ज भरून देणारा मुलगा वस्तीत हवाच. पण अर्ज कोठे अडला ते बोट ठेवून दाखविणारा त्याहून अधिक हवा. त्यासाठी संगणकही लागत नाही, वही-पेन्सिल पुरते. या सुट्टीत जात पडताळणीची वाट अशीच काढून पाहा. समिती समाधानी नसेल तर प्रकरण दक्षता पथकाकडे जाते. तो हिरा विसरू नका. चित्र पूर्ण झाले की घरातील वडीलधाऱ्यांना समजावून सांगा. त्यांना ते समजले, तर तुमचा अभ्यास बरोबर झाला असे समजा.