वैमानिकाचा नकार

परभणीच्या बसस्थानकावरून रात्री लांबच्या गावांना एस. टी. गाड्या सुटतात. आपण तिकीट काढतो, जागेवर बसतो आणि निर्धास्त झोपी जातो. आपण झोपलो तरी चालक जागा आहे, असा आपला विश्वास असतो. विमानातील प्रवाशांचाही वैमानिकावर असाच विश्वास असतो.

भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान २०० तास उड्डाण करावे लागते. ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणीही होते. परंतु ज्ञान आणि अनुभव असून भागत नाही. मनही ताजेतवाने असावे लागते.

२२ मे २०१० रोजी पहाटे दुबईहून निघालेले विमान मंगळूरला उतरत होते. ते धावपट्टीवर थांबले नाही. पुढे दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ जण मरण पावले. चौकशीत दिसून आले, की मुख्य वैमानिक प्रवासात बराच वेळ झोपले होते. झोपेतून उठल्यावर मनाची सुस्ती लगेच जात नाही. विमान पुन्हा वर घ्या, असे सहवैमानिकाने तीनदा सांगितले. ते ऐकले गेले नाही.

म्हणून "आज मी थकलो आहे, विमान नेणार नाही," असे सांगणे हा आळस नव्हे. ते कर्तव्यच आहे. पण एकटा नोकरदार असे सांगायला कचरतो. पगार कापला तर? नोकरी गेली तर? अशा वेळी संघटना त्याच्या पाठीशी उभी राहते.

वैमानिकांच्या संघटनांनी विश्रांतीचा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात नेला. जानेवारी २०२४ मध्ये सरकारने नवे नियम जाहीर केले होते. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. रात्रीच्या कामात सहाऐवजी दोनदाच विमान उतरवावे, असे ठरले. कंपन्यांनी मुदत मागितली. अखेर २०२५ मध्ये हे नियम दोन टप्प्यांत लागू झाले. पण इंडिगो कंपनीची तयारी अपुरी पडली. डिसेंबरमध्ये तिची हजारो उड्डाणे रद्द झाली. प्रवाशांचे फार हाल झाले.

संघटनेवरही जबाबदारी असते. २०१२ मध्ये एअर इंडियाच्या काही वैमानिकांनी ५८ दिवस संप केला. नव्या विमानांचे प्रशिक्षण आणि बढती हे वादाचे विषय होते. त्या संपाचाही त्रास प्रवाशांनाच झाला. तेव्हा हक्क मागताना प्रवाशाला विसरू नये.

मित्रांनो, डोळे मिटून बसलेला प्रवासी आपला जीव दुसऱ्याच्या हाती देतो. तो विश्वास जपण्यासाठी कधी कधी 'नाही' म्हणावे लागते.

शब्दार्थ
निर्धास्त – काळजी न करता
कचरणे – मागेपुढे पाहणे
हाल होणे – फार त्रास होणे
बढती – वरची जागा मिळणे

स्वाध्याय
१. मंगळूरच्या अपघाताच्या चौकशीत काय दिसून आले?
२. वैमानिकाला संघटनेची गरज का असते?
३. संपाच्या वेळी प्रवाशांचा विचार कोणी व कसा करावा? पाच ओळी लिहा.