ओठ मिटविणारा स्नायू

व्याकरणाच्या तासाला प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण आपण पाठ करतो. पण ओठ मिटवितो कोण, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. ते काम ऑर्बिक्युलॅरिस ऑरिस या स्नायूचे. 'ऊ' म्हणताना ओठांचा चंबू करणारा, शीळ घालणारा, तान्ह्या बाळाला दूध ओढू देणाराही तोच.

बटव्याच्या नाडीसारखे तोंडाभोवतीचे एक अखंड कडे, अशी पूर्वी त्याची कल्पना होती. ती सोपी आहे, पण खरी नाही. त्याचे पुष्कळ तंतू शेजारच्या स्नायूंतून येतात. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांशी एकेक घट्ट गाठ असते. ओठ वर उचलणारे, खाली ओढणारे, हसविणारे स्नायू तेथे एकत्र येतात. गालाचा बक्सिनेटरही तेथेच मिळतो. या लॅटिन नावाचा अर्थ रणशिंग फुंकणारा. आपला तुतारीवालाही त्याच्याच जोरावर गालातली हवा बाहेर लोटतो. एरवी हा स्नायू घास दातांखाली सारीत राहतो.

या साऱ्यांना हुकूम देणारा मज्जातंतू मात्र प्रत्येक बाजूला एकच, मेंदूच्या बारा जोड्यांपैकी सातवा. स्कॉटिश शल्यविशारद चार्ल्स बेल यांनी १८२१ साली त्याच्याविषयी लिहिले. हा मज्जातंतू अचानक लुळा पडण्याच्या एका विकाराला त्यांचेच नाव आहे.

माझ्या आजीला तो झाला, तेव्हा गल्लीत कोणी 'वारं गेलं' म्हणाले, कोणी 'करणी'. ती 'आई गं' स्पष्ट म्हणे, कारण त्यात ओठ मिटावेच लागत नाहीत. 'बापू' म्हणताना मात्र कोपऱ्यातून हवा निसटे. चूळ ओघळे. भाकरी गालात साठे, ती बोटाने काढावी लागे. चौघांत जेवायची तिला लाज वाटू लागली.

या विकारात त्या बाजूच्या कपाळाची आठीही जाते. मेंदूच्या झटक्यात ती बहुधा शाबूत राहते. हा भेद डॉक्टरांनी त्याच दिवशी पाहावा लागतो, कारण बेलच्या विकारावरील स्टेरॉइड ७२ तासांच्या आत सुरू झालेले बरे. अंगारे लावण्यात नेमका हाच वेळ जातो. बहुतेक रोगी पुढे सुधारतात.

आजीचा 'म' आधी परतला. त्याची हवा नाकावाटे जाते, ओठ सैल मिटले तरी चालतात. 'प'साठी कोंडलेली हवा ओठांनी थोपवून धरावी लागते. 'पाणी' हा शब्द तिला त्यानंतर तीन आठवड्यांनी नीट म्हणता आला.