मदरबोर्डवर कोअरबूट हे मुक्त फर्मवेअर बसवताना : दादरकरांसाठी सूचना

काय करावे

१. बोर्डाचे पूर्ण नाव आणि रिव्हिजन बोर्डावरच वाचा. बिलावरचे नाव अपुरे असते.

२. कोअरबूट किंवा त्यावर आधारलेल्या लिबरबूटच्या यादीत नेमका तोच बोर्ड आहे, हे पैसे देण्याआधी पाहा.

३. पहिल्या वेळी लॅमिंग्टन रोडवरून ऑफिसातून निघालेला डेल ऑप्टिप्लेक्स ९०२०, एसएफएफ किंवा एमटी, घ्या. लिबरबूट त्यावर चालते.

४. ऑप्टिप्लेक्स ७०२० मिळत असेल तर प्रोसेसर चौथ्या पिढीचा असल्याची खात्री करा. २०२४मध्ये त्याच नावाचे वेगळे मशीन आले आहे.

५. मशीन दुकानातच चालू करून घ्या, म्हणजे जुना बिघाड नंतर फर्मवेअरच्या माथी बसणार नाही.

६. जुन्या चाळीत राहत असाल तर थ्री-पिनला अर्थिंग आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या.

७. फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर उतरवा. फर्मवेअर बदलले की ती मागितली जाते.

८. फर्मवेअर असलेल्या चिपवरचा क्रमांक भिंगातून वाचा आणि तिचे व्होल्टेज डेटाशीटमध्ये पाहा.

९. ३.३ व्होल्टच्या चिपसाठी प्रोग्रामर म्हणून रास्पबेरी पाय पिको वापरा. त्याच्या डेटा पिना ३.३ व्होल्टच्याच असतात.

१०. प्रोग्रामरची क्लिप चिपला लावण्याआधी पॉवर केबल आणि सीआर२०३२ सेल काढा, मग पॉवर बटण दाबून उरलेली वीज उतरवा.

११. चिपचे पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. चौपाटीजवळच्या घरांत खाऱ्या हवेने त्यांवर थर चढतो.

१२. क्लिपची एक नंबरची पिन चिपवरच्या ठिपक्याशी जुळवा.

१३. मूळ फर्मवेअर फ्लॅशरॉम या प्रोग्रामने किमान दोनदा वाचा आणि दोन्ही फाइलींचे चेकसम जुळवा.

१४. ही मूळ प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. परतीची वाट तीच आहे.

१५. डाउनलोड केलेल्या रॉमची सही आणि चेकसम तपासा.

१६. लिबरबूटच्या तयार रॉममध्ये सांगितले असेल तिथे कंपनीच्या फाइली आधी इंजेक्ट करा. त्याशिवाय असे बोर्ड सुरू होत नाहीत.

१७. पेलोड, म्हणजे कोअरबूटनंतर चालणारा प्रोग्राम, डिस्क पाहून निवडा : जुन्या बायॉस पद्धतीच्या सिस्टिमला सीबायॉस, यूईएफआयच्या सिस्टिमला ईडीके२.

१८. लिहून झाल्यावर पडताळणी पूर्ण झाल्याचा संदेश येईपर्यंत थांबा.

१९. पहिल्यांदा चालू केल्यावर धीर धरा. मेमरी नव्याने जुळवायला वेळ लागतो.

काय टाळावे

१. नाव जवळपास जुळते म्हणून दुसऱ्या बोर्डाचा रॉम घालू नका.

२. इंटेल बूट गार्ड लागू केलेला बोर्ड घेऊ नका. चिपसेटमध्ये कायमची कोरलेली किल्ली बदलता येत नाही.

३. घरात एकच कॉम्प्युटर असेल तर त्यावर पहिला प्रयोग करू नका.

४. लोकलच्या गर्दीत उघडा बोर्ड आणू नका. अँटिस्टॅटिक पिशवी आणि खोका मागून घ्या.

५. बोर्ड सतरंजीवर किंवा साध्या प्लॅस्टिकवर ठेवू नका. त्यांवर स्थिर वीज साठते.

६. काळा सीएच३४१ए प्रोग्रामर आहे तसा लावू नका. अशा अनेकांच्या डेटा पिनांवर ५ व्होल्ट येतात.

७. १.८ व्होल्टच्या चिपला अडॅप्टरशिवाय ३.३ व्होल्ट देऊ नका.

८. प्रोग्रामरला वीज चालू असताना क्लिप लावू किंवा काढू नका.

९. वीतभर लांब जंपर वायरी वापरू नका, वाचन चुकते.

१०. दोन वाचने जुळेपर्यंत एक अक्षरही लिहू नका.

११. आकार बरोबर आहे म्हणून प्रत चांगली समजू नका. फाइलभर एफएफच असेल तर क्लिप नीट बसलेली नाही.

१२. दुसऱ्याच्या मशीनची पूर्ण प्रत स्वतःच्या चिपवर लिहू नका. तिच्यात त्याच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता असू शकतो.

१३. इंटेल मॅनेजमेंट इंजिनचा (एमई) भाग सरसकट पुसू नका. बरीच मशीन अर्ध्या तासाने आपोआप बंद होतात.

१४. गिगाबाइट जी४१एम-ईएस२एलवर एकच चिप लिहून थांबू नका. तिथे मुख्य आणि राखीव अशा दोन चिप असतात.

१५. चालू मशीनमधूनच लिहीत असाल तर यूपीएसशिवाय बसू नका, पावसाळ्यात तर नाहीच.

१६. असे लिहिणे मध्येच फसले तर मशीन बंद करू नका. चालू असेपर्यंतच मूळ प्रत परत लिहिता येते.

१७. पडदा काळा राहिला म्हणून लगेच पुन्हा लिहू नका. आधी रॅमची एकच पट्टी ठेवून पाहा.

१८. स्वतःच्या बोर्डावर मूळ प्रत एकदा परत चढवून पाहिल्याशिवाय शेजाऱ्याच्या मशीनला हात लावू नका.