सह्याद्रीतील बेडूकतोंड्या

पश्चिम घाटातील अरण्यांत समोर बसलेला असूनही सहसा दृष्टीस न पडणारा एक निशाचर पक्षी आहे. त्याचे नाव बेडूकतोंड्या. पश्चिम घाट आणि श्रीलंका एवढ्याच प्रदेशात तो आढळतो. १८४९ मध्ये एडवर्ड ब्लाइथ यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. केरळातील थट्टेकाड अभयारण्य त्याच्यासाठी विशेष प्रसिद्ध असून गोव्यातील मोले व सिंधुदुर्गातील तिळारी येथील जंगलांतही त्याचे वास्तव्य आहे.

आकाराने हा पक्षी साळुंकीएवढा, सुमारे २३ सेंटिमीटर लांबीचा असतो. बेडकासारख्या रुंद जबड्यावरून त्याला हे नाव पडले. नर करडा, तर मादी तांबूस असते. दिवसा चोच वर करून व डोळे मिटून तो निश्चल बसतो; तेव्हा वाळलेले पान किंवा मोडक्या फांदीचा खुंट असावा असाच भास होतो. अंधार पडताच तो किडे टिपू लागतो. त्याचे अस्तित्व बहुधा संध्याकाळच्या आवाजावरूनच कळते.

त्याची वीण फार मर्यादित आहे. मऊ पिसे, शेवाळ व दगडफूल यांचे लहानसे घरटे आडव्या फांदीवर बांधले जाते आणि त्यात मादी एकच पांढरे अंडे घालते. दिवसभर ते नर उबवितो. रात्री दोघे आळीपाळीने बसतात. घरट्याजवळ वारंवार वर्दळ झाली, तर या एकुलत्या अंड्यालाच धोका पोहोचतो.

दिवसाच्या विश्रांतीसाठी त्याला बांबूची बेटे, वेली व दाट झुडपे लागतात. काजू वा रबर यांच्या लागवडीसाठी मोठे वृक्ष राखून खालची झाडी साफ केली, तरी त्याचा आसरा नाहीसा होतो. जंगल उभे दिसते, पण पक्षी निघून जातो.

जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार ग्रामपंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या लोक जैवविविधता नोंदवह्या तयार करतात. शिक्षक व विद्यार्थ्यांनी ऐकलेल्या आवाजांच्या नोंदी, जाणकारांकडून खात्री करून, त्यांत घेता येतील. मात्र घरट्याची नेमकी जागा जाहीर करू नये. गावाच्या राईतील थोडी झुडपे राखणे, हेही या पक्ष्याचे मोठे संरक्षणच होय.